कौसाक्काचं राहिलेलं प्रकरण

आमची गाडी बंद झाली, मीही घरी बसले, तरी बारामतीच्या मंडईत कोणी ना कोणी मला अजून अडवतं. "म्याडम, लांबचं कायतरी सांगा की वाचाया." हातात मेथीची जुडी असते, भाजीवाली सुट्ट्या पैशांसाठी खोळंबलेली असते आणि मी तिथेच उभी राहून कुठल्यातरी परक्या मुलखातली कादंबरी सुचवायला लागते. माझा मुलगा म्हणतो, आई, तुला पेन्शन मिळते ती गप्प बसायची. पण ही खोड आता जाणारी नाही. अंकासाठी अनुभव लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. गमतीजमती पुष्कळ आहेत, पण एका गोष्टीशी येऊन माझी लेखणी अडणार हे मला ठाऊक होतं. आता अडली तर अडली.

मी फिरत्या वाचनालयाची ग्रंथपाल. फिरतं वाचनालय म्हणजे एक म्हातारा टेम्पो. पाठीत आतून फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर पुस्तकं, पुस्तकं पडू नयेत म्हणून पुढून सुतळी. पुढे चालक बबनराव आणि शेजारी मी. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात शाळेपुढे नाहीतर दूध डेअरीपुढे गाडी लावायची, मागचं दार उघडायचं आणि वाट बघायची. सांगवी, कऱ्हाटी, सुपे ही आमची गावं आणि इंदापूरकडे पार धरणाच्या पाण्याच्या कडेपर्यंत फेरी. लोकांना वाटायचं, बाई शिक्के मारतात आणि पगार घेतात. शिक्का कुणीही मारेल. खरं काम म्हणजे समोरच्या माणसाकडे बघून फळीवरून योग्य ते पुस्तक काढणं. त्यासाठी "काय आवडतं तुम्हाला?" असं विचारून उपयोग नसतो, त्यावर लोक "कायबी द्या चांगलं" एवढंच म्हणतात. मी विचारायची, घरी कसं काय चाललंय? मग सून, जाव, कांद्याचा भाव, गुडघा असं सगळं बाहेर येतं. तेवढ्यात माझा हात फळीवर गेलेला असतो.

माझा जीव होता तो वरच्या फळीवर. तिथे जगभरातल्या भाषांमधून मराठीत आलेल्या कादंबऱ्या होत्या. कोणा देणगीदाराने दिलेल्या, मी आले तेव्हा कोणी शिवलेल्याही नव्हत्या. मी त्या सगळ्या वाचल्या आणि मग लोकांच्या गळ्यात मारायला लागले. "त्या गोऱ्या लोकांचं आमाला काय करायचं?" असं कोणी म्हणालं की मी म्हणायची, सगळे गोरे नाहीत, आणि डोकावून तर बघा, तुमच्या घरात कुठे ते येणार आहेत?

हे मी फार सहज म्हणायची. ते येतात, हे मला नंतर कळलं.

सुप्याला एक निवृत्त मास्तर होते. भर उन्हाळ्यात, माळावर नुसती वाफ उठत असताना, ते बर्फाच्या देशातल्या कादंबऱ्या न्यायचे. मी कौतुकाने म्हणायची, गुरुजी, बरा थंडावा शोधलात. त्यांच्या बायकोला मात्र ते पटत नव्हतं. एकदा गाडीपाशी येऊन ती हळूच म्हणाली, "बाई, जरा हितलं द्या त्यांला. दुपारचं घोंगडं घिऊन बसत्यात. दात वाजत्यात." मला हसू आलं. तेवढ्यात मास्तर आले, पुस्तक परत देताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली आणि मी हात मागे घेतला. बोटं गारठली होती. बाहेर सुप्याचं ऊन होतं आणि आमच्या टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. त्यांना मी त्या दिवशी वाळवंटातली कादंबरी दिली आणि पुन्हा बर्फाची कधी दिली नाही.

दुसरी गोष्ट इंदापूरच्या बाजूची. धरणाच्या पाण्याच्या काठाला एक मासेमारी करणारा वाचक होता. त्याला मी उत्तरेकडच्या थंड समुद्रावरच्या कोळ्यांची कादंबरी दिली. तिच्यातले लोक होडी सोडताना एक शब्द बोलत नाहीत. बोललं तर मासा ऐकतो आणि खाली जातो, अशी त्यांची समजूत. पुस्तक परत करताना तो म्हणाला, "थापा लई मारल्यात, पर वाचाया ग्वाड हाय." पुढच्या फेरीला त्याची बायको तक्रार घेऊन आली की हा सकाळी होडीत बसताना तोंडाला कुलूप घालतो. मग त्याच्या भावाने तसंच सुरू केलं, मग शेजारच्यांनी. नंतर बऱ्याच काळाने एकदा आम्ही तिकडे सकाळीच पोचलो. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून एकामागून एक होड्या चालल्या होत्या. एरवी एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही, ती माणसं मुकाट बसलेली. फक्त वल्ह्यांचा आवाज. काठावरच्या म्हाताऱ्या आबांना मी विचारलं, ही रीत कधीपासूनची?

"आमच्या बापजाद्यापासनं," आबा म्हणाले.

त्यांचे बापजादे ज्वारी करत होते. धरण आबांच्या डोळ्यांदेखत झालं, त्याआधी तिथे होडीच काय, डोंगाही कोणी पाहिला नव्हता. मी बबनरावांकडे बघितलं, बबनरावांनी माझ्याकडे. परतीच्या वाटेवर त्यांनी गाणी लावली नाहीत. मला अभिमान वाटायला हवा होता, पुस्तकाचा एवढा परिणाम दुसऱ्या कुठल्या ग्रंथपालाने पाहिला असेल? पण खरं सांगते, मला भीती वाटली.

आता कौसाक्का.

सांगवीच्या कौसाक्का सातवीपर्यंत शिकलेल्या, साठीच्या पुढच्या. घर खातंपितं, कालव्याचं पाणी, ढोबळी मिरची आणि टोमॅटोचं शेत. नवरा नारायणतात्या, धाकटा मुलगा विलास, सून मनीषा. दुपारी कामं उरकली की कांद्याच्या चाळीच्या सावलीला पोतं टाकून त्या वाचत बसायच्या. सुरुवातीला मी त्यांना आपल्याकडच्या घरगुती कादंबऱ्या दिल्या. त्यांनी दोन-तीन वाचल्या आणि परत आणून ठेवल्या.

"ह्ये सगळं आमच्याच आळीतलं हाय. लांबची द्या."

"किती लांबची?"

"जितं आमच्यातलं कुनी गेलेलं नसंल, तितली."

मी खूश झाले. मग वरच्या फळीवरची एकेक कादंबरी त्यांच्याकडे जायला लागली. त्या भराभर वाचायच्या, पण त्यांचा प्रश्न ठरलेला असे. प्रेमप्रकरणाशी, खुनाशी, राजकारणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नवं पुस्तक हातात घेतलं की आधी विचारायच्या, "तितं मानूस गेल्यावं काय करत्यात?"

मला आधी विचित्र वाटलं, मग सवय झाली. मी सांगायची: या बेटावर गेलेल्याची हाडं वर्षांनी बाहेर काढतात, धुतात, नव्या कापडात बांधतात आणि घरातल्या बातम्या त्याला सांगतात. या डोंगरात गेलेल्याचं नाव कोणी घेत नाही, घरात नवं मूल जन्मलं की मगच तोंड उघडतात. त्या डोकं हलवायच्या आणि पुस्तक पिशवीत टाकायच्या. एकदा मी वाळवंटातल्या टोळ्यांची कादंबरी दिली. त्यांच्यात माणूस कायमचा गेला तर त्याच्या वाटेवरच्या शेवटच्या पावलावर टोपली झाकतात, वाऱ्याने ठसा मोडू नये म्हणून. हे ऐकून कौसाक्कांनी पुस्तक पिशवीत न टाकता हातातच धरलं.

"ठसा तरी ऱ्हातुया म्हनायचं त्यांचा," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी कालव्याच्या कडेने सांगवीत शिरताना बबनरावांनी गाडी हळू केली. पुलाशेजारी, वाटेच्या कडेला, कोंबड्या झाकायचं एक डालगं पालथं घातलेलं होतं. वर दगड. आसपास कोंबडी नाही, घर नाही, माणूस नाही. बबनराव म्हणाले, "कुणाचं राहिलं असंल." उतरून ते उचलून बघायचं धाडस मला झालं नाही आणि त्या वाटेने जाताना पुढे कधी झालं नाही.

त्या दिवशी मी कौसाक्कांना त्या डालग्याचं विचारलं. गाडीपाशी दुसरं कोणी नव्हतं. कौसाक्कांनी पदराने चष्मा पुसला आणि सगळं सांगितलं, अगदी सरळ, बाजारभाव सांगावा तसं. थोरला मुलगा दिलीप. एका दुपारी शेताला पाणी द्यायला म्हणून कालव्यावर गेला तो आला नाही. मोटरसायकल पुलावर लावलेली, चपला काठाला. पाणी तोडलं, गळ टाकले, खालच्या गावांपर्यंत माणसं काठाने हिंडली. काही लागलं नाही. आदल्या दिवशी बापलेकांचं भांडण झालं होतं. दिलीपला मिरचीवर शेडनेटची जाळी घालायची होती, तात्या म्हणाले होते, माझ्या जित्तेपणी न्हाय, पटत नसंल तर चालू लाग.

"तवापास्नं त्यो म्हंतोय, पोरगं रुसून गेलंय. सुरतंला बघितलं म्हनं कुनीतरी. मोटरसायकल आयतवारी चालू करून ठिवतोय, बॅटरी उतराय नगं म्हनून. आन् मला तर कळतंय ना, म्याडम. आईला कळतंय. पर बापच न्हाय म्हनतोय, तर त्याचं काय करायचं? ना दहावा, ना वर्सश्राद्ध. पोरगं हिकडं न्हाय आन् तिकडं बी न्हाय. लटाकलंय. कुठंतरी आसंल की एकांदा मुलूख, जितं आसल्याला बी वाट करून देत्यात."

म्हणून हे सगळं वाचन चाललं होतं. मी इतकी वर्षं स्वतःला माणूस ओळखून पुस्तक देणारी समजत होते, आणि ही बाई माझ्याच फळीवर आपल्या मुलासाठी देश शोधत होती. वर चढून मी एक जाड कादंबरी काढली.

ती उंच डोंगरातल्या मेंढपाळांची होती. पुरुष कळप घेऊन खिंडीपलीकडे जातात, बर्फ कोसळतं, काहींचा पत्ताच लागत नाही. त्या गावात प्रत्येक माणसाचा एक लाकडी वाडगा असतो, घरच्या फळीवर ठेवलेला. माणूस जिवंत आहे तोवर वाडगा उताणा. मेल्यावर पालथा. ज्याचं शव सापडलं नाही त्याचा वाडगा पालथा घालायचा अधिकार एकट्या बापाला. बाप घालत नाही तोवर त्या मुलाला जिवंतांत मोजतात, आणि तो खिंडीत फिरत राहतो. कादंबरीतला बाप वाडग्याला हात लावत नाही. आई रोज त्या रिकाम्या वाडग्यातली धूळ पुसते. एवढीच गोष्ट, आणि सगळं पुस्तकभर तेच.

कौसाक्कांनी ती कधी नव्हे एवढी सावकाश वाचली. फेरीमागून फेरी गेली तरी पुस्तक परत येईना. मी विचारलं तर म्हणाल्या, "एक परकरण ऱ्हायलंय. शेवटचं. त्ये मी वाचनार न्हाय. त्यानं वाचून दाखवायचं मला. तवर तुमचं पुस्तक देत न्हाय, काय करायचा त्यो दंड करा." तात्यांनी पुस्तक हातातही घेतलं नाही. घरात दोघांचं बोलणं तुटक झालं, असं मनीषाने मला सांगितलं. दुपारी आक्का ते पुस्तक तात्यांच्या ताटाशेजारी ठेवायच्या आणि तात्या जेवून उठायचे.

मग कौसाक्का गेल्या. झोपेतच, काही दुखणंखुपणं नसताना.

त्यांचा दहावा होता त्या दिवशी आमची फेरी सांगवीचीच होती. आम्ही गावाच्या अलीकडे असताना मनीषाचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "म्याडम, जरा घाटावं येता का? आत्याच्या पिंडाला कावळा शिवंना."

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, कावळा नाही. माझे वडील तर कावळ्याला भात घालणाऱ्यांची यथेच्छ टर उडवायचे. जगातल्या सगळ्या रीती मी उत्साहाने लोकांना सांगत हिंडले, पण शेजारच्या घरातल्या या रीतीपासून चार हात लांब राहिले होते. मी मनीषाला म्हणाले, अगं, मी येऊन काय करणार? ती म्हणाली, "त्ये पुस्तक मी आनलंय." बबनरावांनी मला न विचारता गाडी नीरेच्या घाटाकडे वळवली.

घाटावर बरीच माणसं उभी होती. खाली पाण्याजवळ केळीच्या पानावर पिंड होता, त्याला हळदीकुंकू, शेजारी आक्कांच्या आवडीची भजी, जिलबी, पुरणपोळी. माणसं मागे सरून उभी होती. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते. एवढे कावळे एकत्र मी कधी पाहिले नव्हते, फांदीफांदीवर होते, आणि एकही ओरडत नव्हता. कावळा गप्प बसलेला कोणी पाहिलाय? ते सगळे आमच्याकडे तोंड करून बसले होते.

सकाळपासून सगळं सांगून झालं होतं. विलासने हात जोडून म्हटलं होतं, "आई, तात्यांला मी अंतर देनार न्हाय." मनीषाने सांगितलं, नातीला शिकवू, लग्नाची घाई करणार नाही. आक्कांच्या बहिणीने माहेरच्या भांडणाचं सांगितलं. कावळे हलत नव्हते. विधी सांगणाऱ्या गुरुजींना बारामतीत दुसरीकडे जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू असं सुचवलं. विलास तयार झाला, पण गावातली म्हातारी माणसं नाही म्हणाली. बाई काहीतरी मागतीय, तिला गवताचा कावळा दाखवून फसवायचं नाही.

तात्या सगळ्यांच्या पुढे, उकिडवे बसले होते.

मनीषाने पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. शेवटच्या प्रकरणाशी दोऱ्याची खूण होती. "वाचा म्याडम." सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वाचायला सुरुवात केली, नदीकडे तोंड करून, मोठ्याने. बर्फ वितळायला लागलंय, खिंड मोकळी होतेय. एक पान वाचून झालं. कावळे तसेच. आणि मला वाटलं, वाटलं कशाला, मला दिसलं, की ते आता माझ्याकडे बघत नव्हते. ते तात्यांकडे बघत होते.

मनीषा माझ्या कानाशी म्हणाली, "तुमी न्हाय, म्याडम. त्यांनी वाचाय पायजे." आणि सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली ती पोर पुस्तक घेऊन पुढे गेली आणि तिने ते तात्यांच्या हातात ठेवलं. "तात्या, आत्यानं तुमास्नी मागितलं हुतं."

तात्यांनी खिशातून चष्मा काढला. त्यांना वाचायची सवय नव्हती. एकेका शब्दावर बोट ठेवत, पोरं वाचतात तसं ते वाचायला लागले. डोंगरातला बाप फळीपाशी उभा राहतो. बायको दारातून बघतेय. तो वाडगा उचलतो, झऱ्यावर नेतो, धुतो, स्वतःच्या सदऱ्याला पुसतो. परत येऊन फळीपाशी उभा राहतो, वाडगा हातात उताणाच. इथपर्यंत वाचलं आणि तात्या थांबले. पुढे अजून मजकूर होता. त्यांनी पुस्तक मिटलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "भात उरलाय का?"

"आहे. का?"

"अजून एक पिंड करायचाय."

"कुणाच्या नावाने?"

तात्यांचे ओठ नुसते हलले. मग ते म्हणाले, "दिलीप नारायण."

गुरुजी म्हणाले, असं करता येत नाही, त्याचा विधी वेगळा असतो, त्याला दिवस बघावा लागतो. तात्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हाताने त्यांनी भाताचा गोळा वळला. तीळ नाहीत, हळदीकुंकू नाही, जिलबी नाही, नुसता भात. तो बायकोच्या पिंडापासून थोड्या अंतरावर, उघड्या दगडावर ठेवला आणि उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय शिवला तर पोरगं हाय. मंग पुन्यांदा कुनी माझ्यापुढं बोलायचं न्हाय. तिनं बी न्हाय."

ते मागे सरले. मी त्यांच्या शेजारीच होते, म्हणून मला ते दिसलं, त्यांचे हात जोडलेले नव्हते. मुठी आवळलेल्या होत्या.

बाभळीवरून पहिला कावळा उडाला. मग दुसरा, मग सगळे. एकही आवाज न करता ते नदी ओलांडून आले. भजी, जिलबी, पुरणपोळी, सगळं पान मांडलेलं होतं. पाणी ओलांडलं की आधी ते पान लागत होतं. ते त्याच्यावरून आले.

"तिचा घ्या," तात्या पुटपुटले. "आदी तिचा घ्या. ए, नगं. तिचा. तिचा घ्या रं."

पहिला कावळा नुसत्या भाताच्या पिंडावर बसला आणि त्याने चोच मारली. मग बाकीचे बसले. तो गोळा बघता बघता संपला. दगड कोरा झाला तेव्हा ते केळीच्या पानाकडे वळले, आणि तिथे मात्र त्यांनी एकदम कलकलाट केला, भांडले, जिलबी पळवली, इतर कावळे करतात तसं सगळं केलं.

लोकांनी हात जोडले. आक्कांची बहीण मोठ्याने रडायला लागली, विलास खाली बसला, मनीषाने डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी म्हणालं, सुटली बाई. कोणीतरी म्हणालं, दोघं बी सुटली. गुरुजी घाईने सामान आवरायला लागले. मी कावळ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, आजही नाही. उन्हं वर आली होती, कावळे भुकेले होते, तात्यांच्या हालचालीने त्यांचं लक्ष गेलं असेल, अशी कारणं मी स्वतःला त्या दिवशी गाडीत बसून सांगितली आणि नंतरही पुष्कळदा सांगितली आहेत. प्रत्येक कारण बरोबर आहे. पण भरलेलं पान ओलांडून ते नुसत्या भाताकडे का गेले, याला माझ्याकडे कारण नाही.

माणसं पांगली. तात्या होते तिथेच बसून राहिले. त्यांना उठवायला कोणी पुढे होईना, म्हणून मी गेले. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"म्याडम, तुमी समदं वाचलंय न्हवं ह्ये?"

"हो, तात्या."

"त्या डोंगरातलं पोरगं. मेलंच हुतं आसं नक्की लिवलंय का फुडं?"

"नाही," मी म्हणाले. "वाडगा हातात धरून बाप उभा आहे, तिथेच संपतं. मुलाचं शेवटपर्यंत कळत नाही."

तात्यांनी दगडाकडे पाहिलं. त्यावर भाताचं शीतसुद्धा राहिलं नव्हतं.

"लिवनारा दयाळू मानूस," ते म्हणाले. "त्यानं गोष्टीत कावळं घातलं न्हाईत."